होडीवरच्या यंत्रांची जोडणी

श्रोतेहो, कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या लहान यांत्रिक नौकेच्या केबिनमध्ये आज डोकावून पाहिलेत, तर सुकाणूच्या वरच्या फळीवर तीन-चार लहानमोठे डबे ठोकलेले दिसतील. एक जीपीएस म्हणतात तो स्थानदर्शक. दुसरा पाण्याची खोली आणि खाली मासळीचा थवा असला तर तो दाखवणारा. खलाशी मंडळी त्याला सरळ ‘फिशफाइंडर’ म्हणतात. तिसरा व्हीएचएफ, म्हणजे बिनतारी बोलण्याचा संच. शेजारी होकायंत्र असते, ते बहुधा आजोबांच्या वेळचे. आणि फळीच्या मागे हात घातलात, तर वायरींचा असा गुंता हाती लागतो, की त्यापुढे वल्हीत अडकलेले जाळे सोडवणे सोपे वाटावे.

आजचे बोलणे त्या गुंत्याविषयी आहे. डब्यांचे गुण दुकानदार सांगतोच; वायरींविषयी मात्र कोणी सांगत नाही. आणि समुद्रावर यंत्र दगा देते तेव्हा दहापैकी फार थोड्या वेळा डबा बिघडलेला असतो. बिघडलेली असते ती जोडणी.

ही गोष्ट केवळ सोयीची नाही, हे आधी सांगितले पाहिजे. नव्या बिनतारी संचांवर एका लहानशा झाकणाखाली लाल बटण असते. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरले, की संच ७० क्रमांकाच्या वाहिनीवर संकटाचा संदेश आपोआप पाठवतो. माणसाला तोंडाने काही बोलावे लागत नाही. पोच मिळेपर्यंत साधारण दर चार मिनिटांनी तो संदेश पुन्हा पुन्हा जात राहतो. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनांच्या आणि त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांना ही वाहिनी सतत ऐकत राहणे बंधनकारक आहे. ही सारी व्यवस्था फेब्रुवारी १९९९ पासून जगभर पूर्णपणे लागू झाली. म्हणजे जवळपास एखादे मोठे जहाज असेल, तर तिथली घंटा वाजणार. संदेशात नौकेचा नऊ आकडी क्रमांक असतो. भारतीय नौकांच्या क्रमांकाची सुरुवात ४१९ ने होते, त्यामुळे कोणत्या देशाची नौका हे तत्काळ कळते. आणि त्यात नौका कुठे आहे ते अक्षांश-रेखांशही असतात.

असतात, पण केव्हा? बिनतारी संचाला ते ठाऊक असतील तेव्हा. काही नव्या संचांच्या पोटातच स्थानदर्शक बसवलेला असतो, त्यांचा प्रश्न नाही. बाकीच्यांना ते शेजारच्या डब्याकडून, दोन बारीक तारांवाटे कळावे लागतात. त्या दोन तारा जोडलेल्याच नसतील, तर लाल बटण एवढेच ओरडून सांगते की अमुक क्रमांकाची नौका संकटात आहे. लहान होडीच्या बिनतारी संचाचा आवाज दहा सागरी मैलांवर ऐकू आला असे धरा. दहा मैल त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस सागरी मैल, म्हणजे हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पाणी. अख्ख्या बृहन्मुंबईच्या दीडपटीहून मोठे क्षेत्र! एवढ्या पाण्यात, रात्री, लाटांमध्ये एक होडी शोधायची. दोन तारांची किंमत ती ही.

आता कोणी विचारील, की सरकारने उपग्रहाशी बोलणारे संच दिले आहेत, त्यांचे काय? खरे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्या देशव्यापी योजनेचा आरंभ झाला आणि किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर असे संच बसवण्याचे ठरले. ती सोय फार मोलाची आहे. पण तिची वाट वेगळी आहे. उपग्रहावाटे निरोप किनाऱ्यावर जातो. चार मैलांवरून जाणाऱ्या जहाजाला हाक घालतो तो व्हीएचएफच. दोन्ही असावेत, आणि दोन्हींची जोडणी धड असावी.

तर मग हे डबे एकमेकांशी बोलतात कसे?

अमेरिकेत १९५७ साली नौकांवरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींनी एक संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन तिला ‘एनएमईए’ म्हणतात. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे यंत्र आपल्याच घरची बोली बोलायचे. एकाचा स्थानदर्शक दुसऱ्याच्या यंत्राला कळायचा नाही. या संघटनेने १९८३ मध्ये सर्वांसाठी एक समाईक बोली ठरवून दिली. तिचे नाव ‘एनएमईए ०१८३’. चाळीस वर्षे उलटून गेली, तरी लहान नौकांवर तिचाच वापर फार आहे. आपणही तिच्यापासूनच सुरुवात करू.

या बोलीचा पहिला नियम शाळेतल्या वर्गासारखा आहे. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. बोलणाऱ्या यंत्राच्या पाठीमागून दोन तारा निघतात; त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, कुठे अधिक-उणे अशा खुणा असतात. ऐकणाऱ्याच्याही दोन तारा असतात. बोलणाऱ्याचा ‘ए’ ऐकणाऱ्याच्या ‘ए’ ला, ‘बी’ ‘बी’ ला. एका बोलणाऱ्याला दोन-तीन ऐकणारे जोडले तरी बहुधा चालते. पण दोन बोलणारे एकाच ऐकणाऱ्याला जोडले, की वर्गात दोन मास्तर एकाच वेळी शिकवू लागले तर जे होईल तेच होते. ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही उमगत नाही. दोघांचे ऐकायचेच असेल, तर मध्ये दोघांची वाक्ये आळीपाळीने पुढे सोडणारी वेगळी पेटी घालावी लागते.

इथे एक चूक हमखास होते. यंत्राच्या पाठीवर एक ‘बाहेर’ची जोडी असते आणि एक ‘आत’ची. वायरमन सवयीने बाहेरची बाहेरला आणि आतली आतला जोडतो, कारण रंग जुळतात. पण तोंड तोंडाला लावून कोणी ऐकत नाही. तोंड कानाला लावावे लागते. स्थानदर्शकाचा ‘बाहेर’ बिनतारी संचाच्या ‘आत’ला गेला पाहिजे. रंगांवर तर मुळीच विसंबू नये. एका कारखान्याची निळी तार जे काम करते ते दुसऱ्याच्या कारखान्यात पिवळी करते. यंत्राबरोबर आलेला कागद जपून ठेवा असे मी म्हणतो ते यासाठी. तो कागद पहिल्याच दिवशी सुपारीच्या पुडीला जातो हा आपल्याकडचा अनुभव, पण निदान त्याचे छायाचित्र तरी काढून ठेवावे.

दुसरा नियम वेगाचा. ही बोली सेकंदाला ४,८०० खुणांच्या वेगाने बोलली जाते. एका अक्षराला दहा खुणा लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे. वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचे. तेव्हा एका सेकंदात किती पूर्ण वाक्ये बसतील, हे गणित शिक्षकांनी मुलांकडून जरूर करवून घ्यावे. उत्तर सहाच्या आत येते. आसपासच्या जहाजांची नावे आणि जागा सांगणारे एआयएस नावाचे यंत्र मात्र फार बोलके, म्हणून त्याचा वेग आठपट, ३८,४०० चा ठेवला आहे. ऐकणाऱ्या यंत्रावर ४,८०० चा वेग लावलेला आणि बोलणारा ३८,४०० ने बोलतोय, तर तारा कितीही नीट जोडा, पडदा कोराच राहणार. अशा वेळी पेचकस खाली ठेवून आधी वेगाचा आकडा तपासावा.

आता ते वाक्य कसे असते ते पाहू. हे तारांतून जाणारे बोलणे काही गूढ नाही. साधी अक्षरे आणि आकडे असतात, मध्ये स्वल्पविराम. सुरुवातीला डॉलरचे चिन्ह, मग बोलणारा कोण ते सांगणारी दोन अक्षरे, जीपीएससाठी ‘जीपी’. मग वाक्याचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे, समजा ‘आरएमसी’. त्यापुढे असे काही येते: ०६२०००, ए, १६५९.५०, एन, ०७३०५.२०, ई. पहिला आकडा वेळेचा, सहा वाजून वीस मिनिटे शून्य सेकंद. पण ही वेळ जागतिक. आपल्या घड्याळात तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे अकरा वाजून पन्नास मिनिटे झाली. ‘ए’ म्हणजे स्थान खात्रीचे आहे. तिथे ‘व्ही’ आले, तर स्थानदर्शक स्वतःच सांगतो आहे की बाबा, मला अजून उपग्रह नीट सापडलेले नाहीत, माझ्यावर विसंबू नका. पुढे अक्षांश, उत्तर, रेखांश, पूर्व. मग वेग, दिशा, तारीख. आणि अगदी शेवटी फुलीसारखे चिन्ह करून दोन अक्षरी ताळा. वाण्याच्या वहीत खाली बेरीज मांडलेली असते ना, तसा. ऐकणारे यंत्र आलेल्या अक्षरांचा ताळा स्वतः मांडून पाहते; जुळला नाही तर ते वाक्य टाकून देते. म्हणून अर्धवट तुटक्या वायरीमुळे चुकीचे स्थान सहसा दिसत नाही. स्थान दिसेनासेच होते.

यातल्या १६५९.५० या आकड्यावर थोडे थांबले पाहिजे. कारण माणसे घोटाळतात ती इथे.

हे सोळा हजार किंवा सोळाशे नव्हे. पहिले दोन आकडे अंश, बाकीचे सगळे मिनिटे. म्हणजे १६ अंश ५९.५० मिनिटे. हे रत्नागिरीच्या समोरचे पाणी. एका अंशाची मिनिटे साठ, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. हेच स्थान मोबाइल फोनवर बहुधा नुसत्या अंशांत दिसते, १६.९९१७ असे. आणि कुठे अंश-मिनिटे-सेकंद लिहायची पद्धत असेल तर तेच १६ अंश ५९ मिनिटे ३० सेकंद होईल. तिन्ही एकच जागा आहेत! आता समजा, संकटातल्या तांडेलाने घाईने पडद्यावरचे वाचले आणि ऐकणाऱ्याने ते १६.५९५ असे उतरून घेतले. केवढा फरक पडेल? १६.९९१७ मधून १६.५९५ वजा केले तर ०.३९६७ अंश उरतात. साठने गुणा, २३.८ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे जवळजवळ २४ सागरी मैलांची, ४४ किलोमीटरांची चूक. होडी रत्नागिरीसमोर बुडते आहे आणि शोध चालला आहे जैतापूरसमोर.

शिक्षक बंधुभगिनींनो, भागाकार आणि साठमान पद्धत शिकवायला याहून जिवंत उदाहरण किनाऱ्यावरच्या शाळेत दुसरे मिळायचे नाही. मुलांपैकी कित्येकांचे वडील त्याच पाण्यात असतात.

यंत्राने यंत्राला स्थान सांगितले तर हा घोटाळा होत नाही, हा तारा जोडण्याचा आणखी एक फायदा. माणसाला मात्र ‘अंश’ आणि ‘मिनिटे’ हे शब्द उच्चारूनच स्थान सांगायची सवय हवी.

बोलीचे झाले. पण बोलायला आधी अंगात बळ पाहिजे, आणि यंत्राचे बळ बॅटरीतून येते. विहिरीवरचा पंप सुरू झाला की घरातला दिवा मंद होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. होडीवर तेच घडते. फक्त तिथे दिवा मंद होत नाही, बिनतारी संच गप्प होतो.

एक तक्रार बंदरावर नेहमी ऐकू येते. संच लागतो, पडदा उजळतो, दुसऱ्याचे बोलणे खणखणीत ऐकू येते. पण आपण बोलायला बटण दाबले की पडदा विझतो. मग मंडळी म्हणतात, संच बनावट निघाला. संचाचा काही दोष नसतो. ऐकताना तो अर्धा अँपिअरही घेत नाही. पूर्ण ताकदीने, म्हणजे २५ वॉटने बोलताना सुमारे सहा अँपिअर मागतो. एवढा प्रवाह बारीक तारेतून ओढायचा म्हणजे दाब वाटेतच खर्ची पडतो.

हिशेब मांडून पाहा. बॅटरी मागे इंजिनाजवळ, केबिन सहा मीटर पुढे. तार जायची सहा आणि यायची सहा, एकूण बारा मीटर. यायची लांबी लोक हटकून विसरतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा दर मीटरला विरोध ०.०१७२ ओहम. बारा मीटरचा झाला ०.२०६. सहा अँपिअरने गुणा: जवळजवळ सव्वा व्होल्ट वाटेत गेला. इंजिन बंद आहे आणि बॅटरी निम्मी उतरलेली, १२.२ व्होल्टवर आहे, असे समजा. संचापर्यंत पोचले जेमतेम ११ व्होल्ट. बरेचसे संच १३.८ व्होल्टपेक्षा १५ टक्के खाली, म्हणजे ११.७ पर्यंतच काम करतील असे बनवलेले असतात. मग तो विझणार नाही तर काय करील? त्याच जागी चार चौरस मिलिमीटरची तार घातली असती, तर वाटखर्च फक्त ०.३१ व्होल्टचा. ११.९ व्होल्ट पोचले असते आणि संच बोलला असता. आणि लक्षात घ्या, इंजिन बंद पडलेले असते तेव्हाच बिनतारी संचाची खरी गरज लागते.

वर्गात हे दाखवायला बॅटरीतला एक सेल, टॉर्चचा दिवा आणि बांधकामाला वापरतात ती लोखंडी बारीक तार पुरे. तार जसजशी लांब घ्याल तसतसा दिवा मंदावतो. लोखंडाचा विरोध तांब्याच्या कैकपट असल्यामुळे दोन-चार मीटरांतही फरक डोळ्यांना दिसतो.

बॅटरीविषयी आणखी थोडे. इंजिन सुरू करताना स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो आणि तेवढ्या क्षणी दाब कोसळतो. स्थानदर्शक बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधू लागतो. म्हणून परवडत असेल तर यंत्रांची बॅटरी वेगळी असावी. मोठ्या इंजिनांच्या नौकांवर दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे बारा व्होल्टचा संच चालवायला दोहोंपैकी एकीवरून तार ओढायची युक्ती सर्रास चालते. युक्ती स्वस्त खरी, पण एक बॅटरी रोज उपाशी आणि दुसरी अजीर्ण झालेली, अशी स्थिती होऊन दोन्ही अकाली मरतात. चोवीसचे बारा करून देणारी लहान पेटी मिळते, ती लावावी. आणि फ्यूज असावा तो बॅटरीच्या अधिक टोकाच्या अगदी जवळ. फ्यूज केबिनमध्ये ठेवला, तर बॅटरीपासून केबिनपर्यंतच्या सहा मीटर तारेला राखण कोणाची? लाकडी किंवा फायबरच्या होडीत, डिझेलच्या टाकीजवळून जाणारी तार तापून लाल झाली तर काय होईल हे सांगायला नको. फ्यूज उडाल्यावर त्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चमकीचा कागद गुंडाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या धैर्याचे कौतुक करावे की काय करावे, कळत नाही.

आता मिठाकडे वळू. घरातल्या जोडणीत आपण दोन तारांची टोके सोलतो, पिरगळतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. भिंतीवर ते वीस वर्षे टिकते. समुद्रावर एक हंगामही टिकत नाही. खारे दमट वारे चिकटपट्टीखाली शिरते. तांबे हिरवट पडते, आणि गंमत अशी की तो हिरवेपणा तारेच्या आवरणाखालून आत आत चढत जातो, कारण अनेक बारीक धाग्यांच्या तारेत ओल दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी वर ओढली जाते. बाहेरून तार नवीकोरी, आत काळी भुकटी. म्हणून होडीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची, बारीक अनेक धाग्यांची तार घ्यावी. आपल्या घरच्या पितळी भांड्याला कल्हई का करतो, तेच इथे. सांधा पिरगळू नये. टोकावर धातूची टोपी घालून ती योग्य पकडीने दाबून बसवावी आणि वरून उष्णतेने आवळणारी, आतून गोंद असलेली नळी चढवावी. नुसत्या डाकावर मात्र भिस्त ठेवू नका. डाक लागलेला भाग ताठ होतो, आणि इंजिनाच्या रात्रंदिवस थरथरीने तार त्या ताठ भागाच्या कडेलाच मोडते.

तार भिंतीतून केबिनमध्ये शिरते तिथे ती बाहेरून आधी थोडी खाली झुकवून मग वर नेऊन आत घ्यावी. तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळात थबकून खाली टपकते. सरळ किंवा उतरती घेतली तर तेच पाणी थेट यंत्राच्या पाठीत. छपराची पागोळी ज्या न्यायाने भिंतीपासून दूर पडावी अशी आपण काळजी घेतो, तोच हा न्याय. या कामाला पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचा काळ उत्तम. नौका ओढून किनाऱ्यावर घेतलेली असते, तळाला रंग लावणे चाललेलेच असते. दोन दिवस तारांना दिले तर हंगाम निर्धास्त जातो.

होकायंत्राला मी मघाशी आजोबांच्या वेळचे म्हटले. ते तारांशी जोडलेले नसते, तरी जोडणीचा त्रास त्यालाच फार. १८२० मध्ये कोपनहेगनच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारेतून वीज वाहू लागली की जवळची चुंबकसूची वळते. म्हणजे बिनतारी संचाची तार होकायंत्राच्या शेजारून नेली, तर बटण दाबताच उत्तर दिशा सरकते! ध्वनिवर्धकातले चुंबक तर वीज नसतानाही सुई ओढते. उपाय दोन. संच आणि ध्वनिवर्धक होकायंत्रापासून हातभर तरी दूर ठेवावेत. आणि जाणारी व येणारी तार वेणीसारखी एकमेकींभोवती पिळून न्यावी. दोन्हींचे परिणाम उलट दिशांचे असल्याने एकमेकांना खोडतात. प्रयोगशाळेत सेल, तार आणि लहान होकायंत्र घेऊन आधी सुटी तार आणि मग पिळलेली जोडी सुईवर धरून पाहा. पाठ्यपुस्तकातला ओर्स्टेडचा प्रयोग मुलांना एरवी परीक्षेपुरता वाटतो, तो इथे कामाला येतो.

फिशफाइंडरचे तळाशी बसवलेले जे आवाज सोडणारे आणि ऐकणारे अंग असते, त्याची केबल लांब झाली म्हणून कापू नये, आणि इंजिनाच्या तारांबरोबर एकत्र बांधू नये. नाहीतर पडद्यावर मासळीऐवजी ठिपक्यांचा पाऊस दिसतो. बिनतारी संचाची एरियल काढलेली असताना बोलण्याचे बटण दाबू नये. ही दोन पथ्ये पाळली की तेवढ्यापुरते झाले.

नव्या नौकांवर आता ‘एनएमईए २०००’ नावाची दुसरी पद्धत येते आहे. तिच्यात एकाच मुख्य केबलवर सगळी यंत्रे आपापल्या लहान फाट्याने जोडतात. वाडीतला मुख्य रस्ता आणि घरोघरी जाणाऱ्या पाखाड्या, तशी रचना. सगळे बोलतात आणि सगळे ऐकतात. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याचे काम अधिक निकडीचे तो पुढे जातो आणि दुसरा थांबतो. वेग सेकंदाला अडीच लाख खुणांचा. मात्र मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक विरोधक लागतोच. पाटाच्या टोकाला भिंत असली की लाट आपटून मागे येते. तशा खुणा टोकावरून उलट येऊन नव्या खुणांत मिसळू नयेत म्हणून हे विरोधक त्यांना गिळून टाकतात. जोडणी बरोबर आहे का, हे पाहायला एक सोपी खूण आहे. वीज बंद करून संदेशाच्या दोन तारांमध्ये मीटर लावा. ६० ओहमच्या आसपास दाखवले तर ठीक. १२० दाखवले तर एका टोकाचा विरोधक गायब आहे. पाखाडी सहा मीटरांपेक्षा लांब नसावी. जुने यंत्र या रस्त्यावर सरळ चढत नाही; त्याला दोन्ही बोली जाणणारी दुभाषी पेटी लागते. तीन यंत्रांच्या होडीला यासाठी मुद्दाम खर्च करावा असे मला वाटत नाही. जुनी बोली नीट जोडलेली असली तर पुष्कळ आहे.

नीट जोडलेली आहे की नाही, हे धक्क्यावरच कळते, त्यासाठी समुद्रात जावे लागत नाही. बिनतारी संच लावा आणि त्याच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसतात का ते पाहा. दिसले, तर ते स्थानदर्शकावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग स्थानदर्शक मुद्दाम बंद करा. थोड्या वेळात बिनतारी संचाने स्थान मिळत नसल्याची सूचना द्यायला हवी. नाही दिली, तर पडद्यावरचे आकडे कधीतरी हाताने भरलेले, शिळे आहेत असे समजा. त्यानंतर इंजिन बंद ठेवून पूर्ण ताकदीवर चालू वाहिनीवर शेजारच्या होडीला चार शब्द बोला, आणि त्या वेळी सोबत्याला संचाच्या मागच्या टोकांवर मीटर धरून व्होल्ट वाचायला सांगा. लाल बटण मात्र पाहण्यासाठी म्हणून दाबायचे नाही. ते दाबले गेलेच, तर संच नुसता बंद करून गप्प बसू नये. १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आपले नाव, क्रमांक सांगून संदेश चुकून गेल्याचे कळवावे, आणि मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावरही सांगावे.